जिथे कारखाना नाही, तिथल्या गाळात

जुन्नर तालुक्यात बोरी गावाजवळ कुकडीच्या काठावर मातीच्या थरांमध्ये राखेचा एक फिकट पट्टा आढळतो. आपला सह्याद्री लाव्ह्याचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही राख त्या मानाने अगदी अलीकडची आणि परमुलखातली आहे. तिच्या सान्निध्यात अश्मयुगीन हातकुऱ्हाडी सापडल्या, म्हणून पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९८०च्या दशकात तिचा अभ्यास हाती घेतला. तिच्या वयावर दीर्घकाळ वाद झाला. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची ही राख असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात आणि अनेकजण तिचा संबंध सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाशी जोडतात. टोबा ते बोरी हे अंतर तीन हजार किलोमीटरहून अधिक आहे. राख वाऱ्याने आली, पाण्याने खोलगट जागी नेली आणि नदीच्या गाळाने झाकून ठेवली.

गेल्या शंभर वर्षांत माणसाने अशी काही रसायने बनवली, जी याच मार्गाने प्रवास करतात. ती सहजी कुजत नाहीत, उन्हाने फारशी तुटत नाहीत, आणि जिवाणूंनाही पचत नाहीत. त्यांना इथे ‘चिवट रसायने’ म्हणू. ज्या तळ्याकाठी कधी धुराडे उभे राहिले नाही, त्या तळ्याच्या गाळात ती कशी पोहोचतात, हा प्रश्न जगभरच्या शास्त्रज्ञांनी साठेक वर्षे धसास लावला आहे. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यासाठी त्याचे महत्त्व वेगळे आहे. भीमाशंकरचे अभयारण्य इथे आहे. डिंभे, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि येडगाव या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांचे पाणी इथल्याच डोंगरांतून येते. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला शांतता हवी म्हणून आसपासच्या उद्योगांवर निर्बंधही आहेत. एवढ्या आडबाजूच्या पाण्याला रसायनांची काय भीती, असे कुणालाही वाटेल. हा समज कितपत खरा आहे, ते पाहू.

रसायने कोणती?

पहिला गट क्लोरीनयुक्त तेलांचा, म्हणजे पीसीबींचा. १९२९ पासून त्यांचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. ती पेट घेत नाहीत आणि वीज वाहून नेत नाहीत, म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमध्ये भरली गेली. जगभरात ती सुमारे १३ लाख टन तयार झाली. दुसरा गट जुन्या कीटकनाशकांचा. डीडीटी आणि शेतकऱ्यांच्या तोंडी ‘बीएचसी पावडर’ किंवा ‘गॅमेक्सिन’ म्हणून रुळलेले एचसीएच ही त्यातली ठळक नावे. तिसरा गट डायॉक्सिनांचा. ती कुणी मुद्दाम बनवत नाही, पण क्लोरीन असलेले प्लास्टिक, कचरा किंवा पालापाचोळा अर्धवट जळाला की तयार होतात. चौथा गट आग रोखण्यासाठी फोम, कापड आणि टीव्ही-संगणकांच्या आवरणांत मिसळलेल्या ब्रोमीनयुक्त रसायनांचा. पाचवा आणि आज सर्वाधिक चर्चेत असलेला गट पीफासचा, म्हणजे कार्बन आणि फ्लोरीन यांच्या अतिशय घट्ट बंधावर उभ्या असलेल्या हजारो रसायनांचा. न चिकटणारे तवे, पाणी न धरणारे कापड आणि विमानतळावरचा आग विझवणारा फेस यांत ती वापरली गेली.

पहिल्या चार गटांना पाणी मानवत नाही आणि चरबी मानवते. म्हणून ती गाळातल्या सेंद्रिय कणांना चिकटतात, आणि माशाच्या, पक्ष्याच्या, माणसाच्या अंगात साठतात. पीफासमधली अनेक रसायने मात्र पाण्यात विरघळतात. ती पाण्याबरोबर दूर जातात आणि शरीरात रक्तातल्या प्रथिनांना चिकटतात. हा फरक लक्षात ठेवावा लागतो, कारण पहिल्यांचा शोध गाळात आणि चरबीत घ्यायचा असतो, तर दुसऱ्यांचा पाण्यात आणि रक्तात.

दूरवर पोहोचल्याचे पुरावे

१९६६ साली स्वीडनच्या सोरेन येन्सेन यांनी मासे आणि समुद्री गरुड यांच्या शरीरात पीसीबी सापडल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी अंटार्क्टिकाच्या पेंग्विनांमध्ये डीडीटीचे अंश असल्याचे प्रसिद्ध झाले. त्या खंडावर कुणी शेत फवारलेले नव्हते.

तळ्यांच्या बाबतीत निर्णायक ठरले ते उत्तर अमेरिकेतले सिस्किविट तळे. सुपीरियर सरोवरात आइल रॉयल नावाचे जंगलाने भरलेले बेट आहे, आणि त्या बेटावर हे तळे आहे. त्याची पातळी भोवतालच्या सरोवराहून उंच असल्याने सरोवराचे पाणी त्यात शिरू शकत नाही. बेटावर कारखाना नाही, शेतीही नाही. तरीही १९७०च्या दशकात तिथल्या माशांत पीसीबी मिळाले. १९८४ मध्ये जीन चुझ्वा, रोनाल्ड हाइट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या गाळात डायॉक्सिने दाखवली. त्यांचे प्रमाण १९४०च्या सुमारास वाढू लागले होते, म्हणजे क्लोरीनयुक्त रसायनांचा उद्योग फोफावला त्याच काळात. आकाशाखेरीज त्या तळ्याला दुसरा स्रोत नव्हता.

१९८०च्याच दशकात कॅनडाचे डॉक्टर एरिक देवायी उत्तर क्वेबेकमधल्या इन्युइट स्त्रियांचे दूध तपासत होते. शहरातल्या दुधाशी तुलना करायला निर्मळ नमुना हवा म्हणून ते तिकडे वळले होते. प्रत्यक्षात इन्युइट मातांच्या दुधात पीसीबी दक्षिणेकडच्या स्त्रियांपेक्षा सुमारे पाचपट निघाले. सील आणि देवमाशाची चरबी हा त्यांचा रोजचा आहार होता, आणि अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर ही रसायने अधिक दाट होत गेली होती. ज्यांनी ती बनवली नाहीत, वापरली नाहीत आणि ज्यांना त्यांचा काडीचाही फायदा झाला नाही, त्यांच्या लेकरांच्या वाट्याला ती आली. या विषयातला सगळ्यात मोठा अन्याय तिथे पहिल्यांदा आकड्यांत दिसला.

प्रवासाच्या वाटा

कॅनडाचे फ्रँक वानिया आणि डोनाल्ड मॅके यांनी १९९३ मध्ये या प्रवासाचे गणित मांडले. अर्धवट उडून जाणारे रसायन उष्ण प्रदेशात हवेत मिसळते आणि गार हवेत पुन्हा जमिनीवर, पाण्यावर किंवा पानांवर बसते. उकळत्या भांड्यावरच्या झाकणाला जसे थेंब धरतात, तसाच हा प्रकार. ऊन वाढले की ते पुन्हा उडते आणि पुढे सरकते. अशा टप्प्याटप्प्यांनी ते ध्रुवाकडे किंवा उंच डोंगराकडे जाते. १९९८ मध्ये ज्युल्स ब्लेस आणि सहकाऱ्यांनी पश्चिम कॅनडाच्या पर्वतांतला बर्फ तपासला. ७७० मीटरपासून ३,१०० मीटरपर्यंत चढत जाताना जास्त बाष्पशील रसायनांचे प्रमाण दहा ते शंभर पटींनी वाढले होते.

जीवही वाहक होतात. नॉर्वेच्या ब्यॉर्नोया बेटावर एलास्योएन आणि ओयांगेन ही दोन तळी काही किलोमीटरच्या अंतरावर आहेत. हवा दोघांना एकच. तरीही एलास्योएनच्या माशांत आणि गाळात पीसीबी कितीतरी जास्त आहेत, कारण समुद्रात मासे खाणारे हजारो पक्षी त्या तळ्यावर विष्ठा टाकतात. अलास्कातले सॅमन मासे समुद्रात वाढतात आणि अंडी घालून तळ्यांत मरतात, तेव्हा त्यांच्या अंगातले पीसीबी तळ्यात उतरतात. पिंपळगाव जोगे किंवा येडगावच्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. तिथे ही वाट अगदीच लहान असणार, पण ज्या तळ्यावर पक्ष्यांची दाटी होते त्याचा हिशोब वेगळा करायचा असतो, हा धडा ब्यॉर्नोयाकडून घ्यावा.

स्वित्झर्लंडचा ओबेरार जलाशय आपल्याला जास्त जवळचा वाटावा, कारण तोही धरणाचाच आहे, १९५०च्या दशकात बांधलेला. तिथल्या गाळात १९६० आणि ७०च्या दशकांत रसायनांचा उच्चांक दिसतो. बंदीनंतर प्रमाण घटते, आणि १९९०च्या अखेरीपासून पुन्हा चढते. त्या काळात कुणी नवे पीसीबी ओतले नव्हते. हिमनदी वितळू लागली होती आणि तिच्या बर्फात अडकून पडलेली जुनी रसायने पाण्यात आली होती. हवामान बदलले की जुने साठे उघडे पडतात, हे २००९ मध्ये या गाळाने दाखवले.

पीफासच्या बाबतीत आता पावसापासून सुटका नाही. स्टॉकहोम विद्यापीठाच्या इयान कझिन्स यांनी २०२२ मध्ये जगभरच्या मोजमापांचा मेळ घातला. तिबेट आणि अंटार्क्टिकाच्या पावसा-बर्फातही या रसायनांचे प्रमाण अमेरिकेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेल्या पातळीहून जास्त होते. समुद्राच्या लाटा फुटताना उडणारे खारे तुषार पीफास पुन्हा हवेत नेतात, हेही याच विद्यापीठाच्या प्रयोगांतून पुढे आले. अरबी समुद्रावरून येणाऱ्या पावसावर जगणाऱ्या आपल्या मुलखाने हे ध्यानात घ्यायला हवे.

सह्याद्रीची वेगळी तऱ्हा

घाटमाथ्यावर हिमनद्या नाहीत, आणि ध्रुवासारखी थंडीही नाही. म्हणून गारठ्याने रसायने अडकण्याचा नियम इथे जसाच्या तसा लागू होत नाही. इथे काम करतो तो पाऊस. नैऋत्य मोसमी वारा कोकणातून सरळ येऊन नाणेघाट, आहुपे आणि भीमाशंकरच्या कड्यांवर आदळतो. पश्चिम टोकाला हंगामात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर तालुक्यांच्या पूर्वेकडे पाच-सहाशेवर भागते. हवेतले बारीक कण आणि विरघळणारे वायू एवढा पाऊस खाली धुऊन आणतो. तिथलाच पाणलोट धरणांना मिळतो. म्हणजे ज्या भागात हवा सगळ्यात जास्त धुतली जाते, त्याच भागाचे पाणी आपण साठवतो.

त्या वाऱ्याच्या वाटेवर काय आहे? मुरबाड, बदलापूर, अंबरनाथ, डोंबिवली आणि तळोजा यांचा रासायनिक उद्योगांचा पट्टा घाटाच्या पश्चिमेला आहे. रायगड जिल्ह्यातल्या रसायनीला हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीच्या कारखान्यात वर्षानुवर्षे डीडीटी बनत असे. भीमाशंकरपासून ही जागा सरळ रेषेत ५० किलोमीटरच्या आत आहे. हिवाळ्यात वारा उलटा फिरतो आणि चाकण, रांजणगावकडची हवा पश्चिमेला सरकते. भारतीय उपखंडातले डीडीटी आणि एचसीएच मोसमी वाऱ्यांबरोबर थेट तिबेटच्या पठारावर पोहोचतात, हे तिथल्या हवेच्या, पावसाच्या आणि तळ्यांच्या गाळाच्या अभ्यासांनी सिद्ध केले आहे. जो वारा हिमालय ओलांडतो, त्याच्या वाटेत सह्याद्री आधी येतो. पश्चिम किनाऱ्याच्या समुद्री गाळातले डीडीटीचे अंश गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पूर्वीच नोंदवले आहेत. अलीकडे महाबळेश्वरच्या ढगांच्या पाण्यात जड धातू मोजले गेले आहेत. ढग डोंगरावर रसायने आणतात याचा तोही एक पुरावा.

जंगलाचा वाटाही मोठा आहे. पानांवर मेणाचा पातळ थर असतो आणि चरबीप्रिय रसायने त्यात मुरतात. पान गळले की ती जंगलाच्या जमिनीत जातात. युरोपातल्या मोजमापांत जंगल हवेतली अशी रसायने उघड्या जमिनीपेक्षा जास्त ओढून घेते असे दिसले. भीमाशंकरची सदाहरित झाडी हेच काम बारमाही करते. जंगलाच्या मातीत ती धरून ठेवली जातात, पण डोंगर उघडा पडला आणि माती वाहू लागली की तोच साठा धरणात उतरतो. माती अडवणारे पडकईचे बांध आणि राखलेले रान हे पाण्याचेही रक्षण करतात, ते असे.

सगळा दोष वाऱ्याला देऊन मात्र चालणार नाही. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढची कित्येक वर्षे घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले. त्याने असंख्य जीव वाचवले, आणि त्याचे अंशही मागे राहिले. शेतीतला डीडीटीचा वापर १९८९ मध्ये बंद झाला, बीएचसी १९९७ मध्ये, आणि एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. नारायणगाव पट्ट्यातल्या द्राक्ष आणि टोमॅटोच्या बागांत, उसाच्या शेतांत आज दुसरी औषधे आहेत. त्यांतल्या क्लोरपायरीफॉसचा समावेश मे २०२५ मध्ये चिवट रसायनांच्या जागतिक यादीत झाला. उसाचे पाचट आणि बांधावरचे मल्चिंगचे प्लास्टिक एकत्र पेटवले की डायॉक्सिनांना आपणच जन्म देतो. ही वाट बंद करायला कुठल्याही आंतरराष्ट्रीय कराराची गरज नाही.

गाळ कसा बोलतो

तळ्याच्या तळाशी नळी खुपसून गाळाचा उभा नमुना काढतात आणि त्याचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे काप करतात. प्रत्येक कापाचे वय दोन खुणांवरून ठरते. हवेतून सतत पडणारे शिसे-२१० दर २२ वर्षांनी निम्मे होते, त्यावरून साधारण शंभर-दीडशे वर्षांचा काळ मोजता येतो. अणुचाचण्यांतून आलेल्या सीझियम-१३७चा उच्चांक १९६३ सालाशी जुळतो. मग त्या-त्या कापातली रसायने नॅनोग्रॅममध्ये मोजतात.

रसायनाचे वयही कळते. डीडीटी हळूहळू डीडीई या रूपात बदलते. डीडीई जास्त असेल तर माल जुना, डीडीटीचाच वाटा मोठा असेल तर ताजा. एचसीएचच्या निरनिराळ्या रूपांच्या प्रमाणावरून ते जुन्या पावडरीतून आले की शुद्ध लिंडेनमधून, याचा अंदाज बांधता येतो. म्हणजे गाळ रसायनाचे नाव सांगतो, ते कधी आले हे सांगतो, आणि पुष्कळदा कुठून आले याचाही माग देतो.

आपल्या भागात यासाठी चांगली ठिकाणे आहेत. डिंभे आणि माणिकडोह तुलनेने नवी. पण उत्तरेला लागूनच अकोले तालुक्यात १९२६ साली पुरे झालेले भंडारदरा आहे, आणि दक्षिणेला मावळात टाटांचे १९२२चे ठोकरवाडी. दोन्ही घाटमाथ्यावरची, दोन्हींच्या पाणलोटात मोठे कारखाने नाहीत, आणि दोन्हींच्या गाळात डीडीटीच्या आधीपासून आजपर्यंतचा शंभर वर्षांचा काळ मावतो. डिंभ्याच्या गाळाशेजारी हे दोन नमुने ठेवले तर उत्तर सह्याद्रीवर हवेतून काय उतरले आणि स्थानिक वापरातून काय आले, हे वेगळे करता येईल.

याला व्यवहाराची तातडीही आहे. २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना चालू आहे. धरणाचा गाळ शेतात पसरला की माती सुपीक होते, साठवणही वाढते. योजना चांगली आहे. पण गाळाची सुपीकता पाहताना नत्र, स्फुरद, पालाश एवढेच पाहून भागत नाही. घाटमाथ्याच्या पाणलोटातला गाळ बहुधा स्वच्छच निघेल, आणि तसे निघाल्यास शेतकऱ्याला निश्चिंतपणे सांगता येईल. शहर किंवा औद्योगिक वसाहत ज्यांच्या वर आहे अशा बंधाऱ्यांचा गाळ मात्र तपासल्याशिवाय शेतात जाऊ नये.

कायदा आणि तपासणी

चिवट रसायनांवरचा स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला, २००४ मध्ये अमलात आला आणि भारताने त्याला २००६ मध्ये मान्यता दिली. पीसीबींबाबतचा आदेश २०१६ मध्ये निघाला आणि त्यांचा वापर संपवण्यासाठी २०२५ अखेरची मुदत घातली गेली. २०१८च्या नियमांनी आणखी सात रसायनांवर बंदी आली. करारात पुढे जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक रसायनाला भारताची वेगळी संमती लागते, त्यामुळे जागतिक यादी आणि आपली यादी यांत अंतर राहते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात डीडीटी, लिंडेन, एंडोसल्फान आणि पीसीबी यांच्या मर्यादा आहेत, पीफासची नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये पीफासमधल्या दोन मुख्य रसायनांसाठी लिटरला ४ नॅनोग्रॅम ही सक्तीची मर्यादा ठरवली.

हे अंतर कुठे नेते, त्याचे उदाहरण कोकणातच आहे. इटलीच्या त्रिस्सिनो गावातल्या मितेनी कारखान्याने साडेतीन लाख लोकांच्या परिसरातले पाणी पीफासने दूषित केले. कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने अकरा अधिकाऱ्यांना शिक्षा ठोठावल्या. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लक्ष्मी ऑरगॅनिकच्या उपकंपनीने २०१९ मध्ये विकत घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामला आणण्यात आली. एका देशाला ज्या उत्पादनाची किंमत कळली, ते उत्पादन नियम ढिले असलेल्या देशात सरकते. म्हणून पिण्याच्या पाण्यात आणि कारखान्यांच्या सांडपाण्यात पीफासची मर्यादा ठरवणे ही महाराष्ट्रासाठी आजची गरज आहे.

गावपातळीवर पाण्याची तपासणी होते ती क्लोरीन, जिवाणू, नायट्रेट, फ्लोराइड अशा गोष्टींची. ती आवश्यकच आहे, पण त्या तपासणीच्या संचाला नॅनोग्रॅम दिसत नाहीत. दिसण्यासाठी लागणारी यंत्रे आणि माणसे मात्र पुण्यातच आहेत. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत औषधांचे अंश सापडले, आणि त्यानंतर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने निर्यातीच्या मालातले अंश तपासण्याची भक्कम व्यवस्था उभी केली. जुन्नरचे द्राक्ष युरोपच्या ताटात जाण्याआधी शेकडो औषधांसाठी तपासले जाते. त्याच तालुक्यातल्या जलाशयाच्या गाळाला आणि माशाला तोच न्याय मिळायला हवा. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि पावसाचा अभ्यास करणारी उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. गाळाचे थर वाचण्याची परंपरा डेक्कन कॉलेजकडे आहे.

हे कोणासाठी करायचे, याचे उत्तर डिंभ्याच्या काठावर आहे. धरणात जमिनी गेलेल्या महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबांना जलाशयातल्या मासेमारीचा आधार मिळावा म्हणून कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने लोकांबरोबर वर्षानुवर्षे काम केले. आता तो मासा त्यांचे अन्नही आहे आणि रोजगारही. मासा खाणे सोडा, असा याचा अर्थ मुळीच नाही. मरळ आणि वामसारखे मोठे, शिकारी मासे अन्नसाखळीत वर असतात, म्हणून तपासणी त्यांच्यापासून सुरू व्हावी. निकाल आधी काठावरच्या ग्रामसभांत, मराठीत सांगितले जावेत. माशाचे मोल बाजारात पाडणारी अफवा पसरण्याआधी लोकांच्या हाती खरा आकडा असला पाहिजे.

या साठ वर्षांच्या संशोधनात निराशेला जागा नाही, हेही सांगायला हवे. स्वीडनमधल्या मातांच्या दुधातले पीसीबी १९७०च्या दशकापासून सतत उतरत गेले. आर्क्टिकच्या हवेतले एचसीएच मोठे वापरकर्ते देश थांबल्याबरोबर घटले. जगातल्या अनेक तळ्यांच्या वरच्या थरांत जुनी रसायने विरळ झाली आहेत. बंदी लागू पडते, आणि ती लागू पडल्याचा पुरावाही गाळच देतो. दर दहा वर्षांनी डिंभे, माणिकडोह, भंडारदरा आणि ठोकरवाडीच्या गाळाचा उभा नमुना काढणे, त्याबरोबर घाटमाथ्यावरचा पाऊस आणि जलाशयातले मासे तपासणे, आणि आकडे जाहीर करणे, एवढे काम जिल्ह्यातल्या संस्थांच्या आवाक्यातले आहे. ज्यांनी ही रसायने बनवली नाहीत, त्यांना निदान आपल्या पाण्यात काय उतरले हे जाणून घेण्याचा हक्क मिळालाच पाहिजे. हे काम दुसऱ्या देशाने किंवा न्यायालयाने भाग पाडण्याची वाट न पाहता आपण आपणहून सुरू करावे.